शंखातील बिऱ्हाडकरू

सुटीत ताम्हिणी घाट उतरून कोकणात जावे आणि परतताना मुलांनी किनाऱ्यावरील शंखवासी खेकडा डब्यात घालून मुळशीस आणावा, हे आम्हांस रुचत नाही. शंख हा त्याचा स्वतःचा नव्हे. मेलेल्या सागरी गोगलगाईचे ते रिकामे घर. पोट मऊ व उघडे असल्याने हा त्यात बिऱ्हाड करितो, आणि अंग वाढले की मोठा शंख शोधितो. यांतील पाण्यातल्या जाती डब्यात लवकरच मरतात. जमिनीवर वावरणाऱ्या जातीही कल्ल्यांनीच श्वास घेतात. कल्ले सुकले की जीव गुदमरतो. त्यांस दमट हवा, कात टाकण्यास खोल ओली वाळू, गोडे व खारे अशी दोन्ही पाणी आणि निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख लागतात. इतके करूनही घरी त्यांचा वंश सहसा चालत नाही, कारण पिले प्रथम समुद्रातच वाढतात.

धरणात घरे बुडू नयेत म्हणून मुळशीकरांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. घराचे मोल या तालुक्यास कोणी शिकवावयास नको. यास्तव पालकांनी हा जीव मुलांस किनाऱ्यावरच दाखवावा, आणि रिकामे शंखही तेथेच राहू द्यावेत. ती कोणाची तरी उद्याची घरे आहेत.