जपानचा नाताळ आणि दारातला पोरगा

'जपानने नाताळ घेतला, ख्रिस्त घेतला नाही. याला म्हणतात शहाणपण!' हे वाक्य मी आजवर निदान पंधरा जणांच्या तोंडून ऐकले असेल. व्याख्यानमालेत ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत चहाचे पेले हातात असताना तर दर डिसेंबरात ते ऐकू येतेच. बोलणाऱ्याचा आविर्भाव नेहमी सारखाच असतो. फार मोठे कोडे आपण उकलून दाखवले असा. ऐकणारे माना डोलावतात. कोणीतरी पुस्ती जोडतो, 'नाही तर आपण!' आणि मग गाडी मिशनऱ्यांवर घसरते, ती घंटा होईपर्यंत रुळावर येत नाही.

मी साधा मास्तर. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही आणि जपान मी पाहिला तो पुस्तकांतून. तरीही या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते फराळाच्या ताटासमोर मांडण्याची मुभा वाचकांनी मला द्यावी. भांडण सणावरूनच आहे, तेव्हा दिवाळीत ते अगदीच विजोड दिसणार नाही.

त्या वाक्यात खरे किती ते आधी मान्य करून टाकतो. जपानात ख्रिस्ती माणूस शंभरात जेमतेम एक. 25 डिसेंबरला तिथे सरकारी सुट्टी नाही. कचेऱ्या चालू, दुकाने चालू, आगगाड्या मिनिटाचाही उशीर न करता चालू. पण नोव्हेंबर सरता सरता टोकियो-ओसाकाचे रस्ते असे उजळतात की आपल्याला लक्ष्मीपूजनाची रात्र आठवावी. नाताळची आदली संध्याकाळ तिथे प्रेमिकांची मानतात. तरुण जोडपी हॉटेलातल्या जागा कितीतरी आधी राखून ठेवतात, आणि ज्याला जोडीदार नाही त्याने त्या संध्याकाळी घराबाहेर न पडलेलेच बरे. घरात मुलेबाळे असली तर पांढऱ्याशुभ्र सायीचा, वर लालचुटूक स्ट्रॉबेऱ्या लावलेला केक येतो. हा केक त्या समाजात इतका मुरला की एके काळी पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला 'नाताळचा केक' म्हणून हिणवीत. पंचवीस तारखेनंतर गिऱ्हाईक नाही, या अर्थाने. (आपल्याकडच्या काकू-मावश्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, हे आपल्या लेकीबाळींचे भाग्यच म्हणायचे.) आणि कोंबडी! केंटकी फ्राइड चिकन या अमेरिकन कंपनीच्या जपानी शाखेने 1974 साली, नाताळला आमचीच तळलेली कोंबडी खावी, अशी जाहिरात देशभर केली. तेव्हापासून लोक आठवडेच्या आठवडे आधी मागणी नोंदवतात, दुकानापुढे रांगा लावतात, आणि त्या कंपनीच्या दाढीवाल्या कर्नलचा पुतळा सांताक्लॉजचा तांबडा झगा घालून सर्वांचे स्वागत करतो. 26 तारखेला हे सारे उतरते. दारोदार पाइनच्या डहाळ्या आणि बांबू दिसू लागतात. नवे वर्ष जवळ आलेले असते.

यात मला काहीच वावगे दिसत नाही. पोरांनी केक खावा, जोडप्यांनी दिवे पाहावेत. माझे भांडण त्या वाक्यातल्या दोनच शब्दांशी आहे: 'घेतला नाही'. घेतला नाही म्हणजे काय? मंडईत वांगी किडकी निघाली म्हणून पिशवीत टाकली नाहीत, तसा?

इथे गोष्ट आपल्या अंगणापर्यंत येते. अन्जिरो नावाचा एक जपानी गृहस्थ देशातून पळून मलाक्काला आला, तिथून गोव्याला आला आणि 1548 साली गोव्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर 15 ऑगस्ट 1549 रोजी कागोशिमाच्या किनाऱ्याला उतरला. तोच झेवियर, ज्याचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे. तीन वर्षांनी, 1552 मध्ये, यामागुची गावात त्याच्या सोबत्यांनी नाताळ केला. जपानातला पहिला नाताळ तोच, असे त्या गावचे लोक अभिमानाने सांगतात. म्हणजे कोंबडीच्या जाहिरातीच्या सव्वाचारशे वर्षे आधी जपानात नाताळ होता आणि ख्रिस्तासकट होता. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे ख्रिस्ती लोक तीन लाखांच्या आसपास असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

मग ते गेले कुठे?

आपल्या वसईचा एक मुलगा होता, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली, कोकणातली. मिसरूड फुटण्याच्या वयात तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही वर्षे त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षणाचे काम केले. पुढे व्यापारात पडला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आला. 1596 च्या डिसेंबरात हिदेयोशीच्या हुकमाने त्याच्या मठावर पहारा बसला. त्या वर्षीचा नाताळ त्याने कैदेत काढला. जानेवारीच्या आरंभी क्योतोमध्ये त्याच्या आणि सोबत्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या, धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांतले वीस जण जपानी होते. तिघे पोरसवदा, सर्वांत धाकटा, लुई इबाराकी, बारा वर्षांचा. सहावी-सातवीच्या वर्गात बसतो, त्या वयाचा.

1614 मध्ये देशभर बंदी आली. पुढे ख्रिस्ताच्या नाहीतर मेरीच्या प्रतिमेवर पाय देऊन दाखवण्याची सक्ती झाली. नागासाकीत तर ती नव्या वर्षाच्या आरंभीची रीतच बनली. आपण पाडव्याला गुढी उभारावी तसे तिथे प्रत्येकाने येऊन तुडवायचे. पाय अडखळला तो मेला. तरीही काही खेड्यांतून आणि बेटांवरून लोकांनी पाद्री नसताना, पुस्तक नसताना, अडीचशे वर्षे चोरून बाप्तिस्मे दिले आणि सणांच्या तिथी पाठ करून ठेवल्या. 1865 साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांतले काही फ्रेंच पाद्र्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा जगाला ते कळले. बंदीच्या पाट्या उतरल्या त्या 1873 मध्ये.

तेव्हा 'घेतला नाही' हे खरे नव्हे. पुष्कळांनी घेतला होता. तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. शंभर पिढ्यांच्या शहाणपणाने जपानी माणूस नाताळपुरता केक खातो, असे नाही. मुळे उपटल्यानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर बाजाराने आपला मांडव घातला आहे. मांडव छान आहे. पण मांडव पाहून जमिनीचे कौतुक करू नये.

आता कोणी म्हणेल, मास्तर, पाद्री तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? नव्हतेच. ख्रिस्ती झालेल्या सरदारांच्या मुलखात बौद्ध मंदिरे पाडली गेली, 1580 मध्ये नागासाकी बंदर जेझुइटांच्या ताब्यात गेले, आणि पाद्र्यांमागून स्पेनचे सैन्य येईल ही हिदेयोशीची भीती केवळ वेडगळ म्हणता येणार नाही. राजाला भय वाटले, हे मी समजू शकतो. बारा वर्षांच्या इबाराकीचे काय भय होते, ते मला कोणी समजावून सांगावे.

हे झाले जुने. आज त्या दिव्यांच्या रस्त्यावर सायकल धरून एक पोरगा उभा असतो. काळी पाटलोण, पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची पट्टी, आणि शेजारी त्याच्याच वयाचा दुसरा. हे मॉर्मन पंथाचे मिशनरी; पंथाचे मुख्य ठाणे अमेरिकेत यूटा प्रांतात. 2012 पासून मुलांना अठराव्या वर्षीच निघता येते. दोन वर्षे घर सोडायचे; कोणत्या देशात जायचे ते स्वतः ठरवायचे नाही, वरून पत्र येईल तिकडे जायचे; खर्च आपल्या साठवणीतून किंवा आईबापांनी सोसायचा. सकाळी साडेसहाला उठायचे, जोडीदाराला सोडून कुठे जायचे नाही, मुलींशी सूत जुळवायचे नाही. आणि मौज अशी की या अठरा वर्षांच्या पोराला हाक मारायची ती 'एल्डर' अशी. एल्डर म्हणजे ज्येष्ठ! पंथाची चहा-कॉफीला मनाई. त्यामुळे जपानी म्हातारीने मायेने पुढे केलेला हिरवा चहासुद्धा त्याने हात जोडून परत करायचा. यजमानाचा चहा नाकारून बोलणे सुरू करायचे, याहून कठीण काम मला तरी सुचत नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या पोराची अवस्था काय होत असेल! ज्या सणासाठी तो जन्मभर डिसेंबरची वाट पाहत आला, तो सण सगळ्या शहरभर लागलेला आहे आणि कोणाचाच नाही. तो दारांवर थाप मारतो, नाहीतर घंटेचे बटण दाबतो. आतून आवाज येतो, 'केक्को देसु.' म्हणजे 'नको, राहू द्या.' मागच्या दारी तेच, पुढच्या दारी तेच. आठवड्यातून एकदा तो इंग्रजीचा फुकट वर्ग घेतो. तिथे मात्र माणसे येतात. रविवारी लहानशा प्रार्थनाघरात मूठभर मंडळी भेटतात. आणि 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत नियम असा होता की घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदाच: एक मातृदिनी आणि एक नाताळला.

इथे माझा राग मिशनऱ्याला पाठवणाऱ्यांवर आहे, आणि तो मी गिळणार नाही. नियम पुढे बदलला, आता दर आठवड्याला आईशी बोलता येते, ठीक. पण कैद्याला मुलाखत द्यावी तसा आईचा आवाज मोजून देणारी ही शहाणी मंडळी कोण होती? शाळेतून बाहेर पडलेली अठराची पोरे मी दरसाल पाहतो. त्यांना स्वतःचा सदरा धुता येत नाही आणि तुम्ही त्यांना परक्याच्या आत्म्याची जबाबदारी देता! बरे, द्या, पण निदान त्या परक्याला समजून घ्यायला वेळ तरी द्या. या पंथाची पहिली तुकडी 1901 मध्ये योकोहामाला उतरली. तिच्यात आल्मा टेलर नावाचा एकोणीस वर्षांचा पोर होता. तो साडेआठ वर्षे राहिला, जपानी शिकता शिकता पंथाचा ग्रंथ त्याने जपानीत आणला, आणि 1909 मध्ये तो छापला गेला. एवढे करून 1924 मध्ये हे मिशन बंद करावे लागले, तेव्हा बाप्तिस्मे दोनशेच्या आतच झाले होते. युद्धानंतर 1948 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. टेलरची साडेआठ वर्षे मला मोलाची वाटतात, बाप्तिस्म्यांच्या हिशेबाने नव्हे, भाषेच्या. आजच्या पोराला दोन वर्षे मिळतात. जपानी जिभेवर बसते न बसते, शेजारची म्हातारी नावाने हाक मारू लागते न लागते, तोच परतीचे तिकीट. वसईचा गोन्सालो दुभाषा म्हणून उपयोगी पडला तो काही पाठ केलेल्या वाक्यांवर नव्हे.

पण पोरगा सांगायला आला म्हणून तो गुन्हेगार, हे मला मान्य नाही. आपल्याकडे 'मिशनरी' हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. म्हणणाऱ्याला पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. आमिष दाखवून, धाक घालून कोणी धर्म बदलायला लावत असेल तर त्याला कायद्याने जरूर धरा. त्याची वकिली मी करत नाही. परंतु पायी नाहीतर सायकलवरून दारात येऊन 'दोन मिनिटे बोलू का?' म्हणणारा आणि 'नको' ऐकून निघून जाणारा यात कुठे बसतो?

आमच्या त्या वाक्यवाल्या मित्रांना जपानचा केक आवडतो, कोंबडी आवडते, दिवे आवडतात. जपानी गृहिणीचे ते 'केक्को देसु' मात्र त्यांच्या लेखी काहीच नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या झगमगाटात घेण्यासारखी वस्तू तेवढीच. त्या 'नको'त पोलीस नाही, जमाव नाही, पत्रक नाही. जपानला ते सुचायला 1597 पासून साडेतीनशे वर्षे लागली. धर्मस्वातंत्र्याची पक्की हमी मिळाली ती 1947 च्या राज्यघटनेने. निशिझाका टेकडीवर आज त्या सव्वीस जणांचे कांस्याचे पुतळे एका ओळीत भिंतीवर बसवलेले आहेत. 1962 मध्ये बसवले. कोरणारा शिल्पकार जपानीच, फुनाकोशी. ज्या गावाने त्यांचे मरण पाहिले त्याच गावाने त्यांना जागा दिली. हे शहाणपण पंगतीतल्या वाक्यात कधी येत नाही.

'मग तुमच्या दारी आला तर घ्याल का घरात?' असे मला मागच्या डिसेंबरात एकाने खोचकपणे विचारलेच. घेईन की. चहा तो पिणार नाही, म्हणून लिंबाचे सरबत करायला सांगेन. दिवाळीचे दिवस असले तर चकली पुढे करीन, घर सोडून किती महिने झाले ते विचारीन, आईला फोन केलास का म्हणेन. त्याचे पुस्तक मात्र घेणार नाही; माझी पुस्तके ठेवायलाच फडताळात जागा नाही. पुन्हा यायचे की नाही, ते त्याचे त्याने ठरवावे.