कार्डांच्या लढाईत हरवलेले डोळे, दात आणि कान

सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी ‘आयुष्मान भारत’ योजना खुली करताना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्ली आणि पश्चिम बंगालमधील वृद्धांची जाहीर क्षमा मागितली. ही दोन्ही राज्ये त्या वेळी योजनेबाहेर होती. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्येच अंग काढून घेतले होते. कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांचे संरक्षण देणारी २०१६ ची ‘स्वास्थ्य साथी’ योजना आपल्यापाशी आहे, असा ममता बॅनर्जी सरकारचा दावा होता. केंद्राचे कार्ड की राज्याचे, हा वाद त्यानंतर रंगत गेला. मात्र निवृत्तांना रोज भेडसावणारा प्रश्न त्यात कोणीच उपस्थित केला नाही. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र यांचे पैसे कोणी द्यायचे?

दोन्ही कार्डांचा पाया एकच आहे. रुग्ण इस्पितळात दाखल झाला, तर खर्च मिळतो. म्हातारपणी दृष्टी, दात आणि श्रवणशक्ती मात्र हळूहळू साथ सोडतात. त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही, वारंवार दवाखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अपवाद मोतीबिंदूचा. ती शस्त्रक्रिया असल्याने विम्याच्या चौकटीत बसते.

खासगी विम्याचीही हीच तऱ्हा आहे. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणली, तेव्हापासून चष्मे, श्रवणयंत्रे आणि इस्पितळात दाखल न होता केलेले दंतोपचार हे सर्वसाधारणपणे वगळलेल्या खर्चांत मोडतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये सर्व कंपन्यांना सक्तीची केलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत मोतीबिंदूसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा ठेवली गेली. शिवाय प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढीच मर्यादा घालण्यात आली. अलीकडच्या सुधारणा स्वागतार्ह आहेत. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा २०२४ मध्ये उठली. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी प्राधिकरणाशी सल्लामसलत करण्याचे बंधन जानेवारी २०२५ मध्ये आले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. विमा मिळणे त्यामुळे सोपे झाले. विम्यात काय मिळते, ही बाब मात्र जिथल्या तिथे राहिली.

नोकरीनिमित्त कोलकात्यात येऊन तेथेच स्थिरावलेल्या मराठी निवृत्तांचे भवितव्य त्यामुळे त्यांच्या जुन्या कचेरीवर ठरते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला केंद्र सरकार आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, कार्ड दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून तहहयात मिळते. तज्ज्ञाच्या शिफारशीने ठरावीक कमाल किमतीपर्यंत श्रवणयंत्रही मिळू शकते. रेल्वेच्या निवृत्तांना सियालदहचे बी. आर. सिंग रुग्णालय किंवा गार्डन रीचचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून स्वतंत्र अंशदायी योजना आहे. बँकांच्या निवृत्तांसाठी २०१५ च्या वेतन करारानंतर सामूहिक विमा आला खरा, पण त्याचा हप्ता त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्याच्या वाट्याला तेवढेही येईलच असे नाही. एकाच इमारतीतील चार शेजाऱ्यांच्या कानांचे मोल असे चार प्रकारे ठरते.

गरीब वृद्धांसाठी सरकारने या तिन्ही गरजा ओळखल्या आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. केंद्राने एप्रिल २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र या तिन्हींचा समावेश होता. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांवरील रहिवाशांना तीन हजार रुपये देऊ केले. बंगालमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, जानेवारी २०२१ मध्ये, ‘चोखेर आलो’ योजना आली. मोफत चष्मे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया यांवर तिचा भर होता. मध्यम निवृत्तिवेतनावर जगणारा परप्रांतीय या साऱ्यांच्या मधल्या फटीत सापडतो. उत्पन्नामुळे तो वयोश्रीत बसत नाही आणि महाराष्ट्राचा रहिवासी नसल्याने तेथील मदतही त्याला मिळत नाही.

वस्तुतः कोलकात्याची परंपरा याबाबत समृद्ध आहे. देशातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये याच शहरात स्थापन केले. मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग संस्थेचे, वाणी व श्रवणदोषांवर काम करणारे, पूर्व विभागीय केंद्र बनहुगलीत आहे. अशा सार्वजनिक संस्थांतील तपासणी हा निवृत्तांचा आजही व्यवहार्य आधार आहे. विमा घेणाऱ्याने पॉलिसीतील बाह्यरुग्ण खर्चाचे कलम, त्याची वार्षिक मर्यादा आणि वाढीव हप्ता यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. मर्यादेपेक्षा हप्त्यातील वाढच मोठी असेल, तर ते पैसे बाजूला टाकणे अधिक शहाणपणाचे.

राजकीय पक्षांना मोतीबिंदूची शिबिरे आवडतात, कारण दृष्टी परत येते आणि छायाचित्रही मिळते. ऐकू न येणारा वृद्ध मात्र हळूहळू बैठकीतून, दूरध्वनीवरून आणि अखेर घरच्या बोलण्यातूनही बाजूला पडतो. त्याची तक्रार कोठे नोंदली जात नाही. निवृत्तांच्या प्रत्येक योजनेत या तीन गरजांसाठी ठरावीक वार्षिक रक्कम असावी आणि ती राज्याची सीमा ओलांडून वापरता यावी, एवढी मागणी अवाजवी नाही. मात्र ती मांडण्यासाठी केंद्र आणि राज्य यांना कार्डावर छायाचित्र कोणाचे, या वादापलीकडे पाहावे लागेल.