‘आपा, इसमें बॉब किधर है?’

बॉब डिलनवर टॉड हेन्स या अमेरिकन दिग्दर्शकाने २००७ मध्ये एक चित्रपट केला. नाव ‘आय ॲम नॉट देअर’, म्हणजे ‘मी तिथे नाही’. आणि खरोखरच तो तिथे नाही. सव्वादोन तासांच्या या चित्रपटात डिलन नावाचं एकही पात्र नाही. सुरुवातीला पडद्यावर सांगितलं जातं, की डिलनचं संगीत आणि त्याची अनेक आयुष्यं यांवरून हा चित्रपट सुचला आहे. बस्स. त्यानंतर सहा कलाकार सहा वेगळ्या नावांनी येतात आणि हे सगळे मिळून तो, असं आपण समजून घ्यायचं.

ज्यांना डिलन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४१ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला रॉबर्ट झिमरमन गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि बॉब डिलन झाला. काळ्यांच्या हक्कांवर, युद्धाविरुद्ध त्याने गाणी लिहिली. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चात तो गायला. २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. (तेव्हा ‘गाणी लिहिणाऱ्याला नोबेल कसं?’ असं विचारणाऱ्यांना १९१३ सालचे टागोर आठवले नाहीत, याची मला आजही गंमत वाटते.)

आता ते सहा जण. मालगाडीतून फिरणारा अकरा वर्षांचा एक काळा मुलगा, जो स्वतःचं नाव वुडी गथ्री सांगतो. गथ्री हा डिलनचा खराखुरा आदर्श, लोकगायक. दुसरा आर्थर, फ्रेंच कवी रँबोच्या नावाचा, कुठल्याशा चौकशीत प्रश्नांना तिरकी उत्तरं देत बसलेला. तिसरा जॅक, निषेधाची गाणी गाणारा. चौथा रॉबी, सिनेमातला नट, ज्याचं घर मोडत चाललंय. पाचवा ज्यूड, काळा चष्मा, विस्कटलेले केस, हातात इलेक्ट्रिक गिटार. ही भूमिका केट ब्लँचेट या अभिनेत्रीने केली आहे. आणि सहावा बिली, एका विचित्र गावाबाहेर लपून राहणारा म्हातारा होऊ घातलेला फरारी.

डिलनची ओळख मला माझ्या धाकट्या भावामुळे झाली. तो पुण्यात नोकरी करतो आणि डिलनचा कट्टर चाहता आहे. ईदच्या सुट्टीत दोन मित्रांना घेऊन आला, तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही हा चित्रपट पाहिला. काळा मुलगा आला तेव्हा तो हसला. ब्लँचेट आली तेव्हा गप्प झाला. रिचर्ड गिअर घोड्यावर दिसला तसा उठून उभाच राहिला. म्हणाला, “आपा, इसमें बॉब किधर है?” आणि चहा टाकायला निघून गेला. तो पुन्हा बसला नाही.

त्याचा एक मित्र मात्र खूश होता. ही चौकट अमुक रेकॉर्डच्या कव्हरवरची, हा संवाद तमुक पत्रकार परिषदेतला, असं तो दर दोन मिनिटांनी सांगत होता. मुशायऱ्यात शेर ऐकायचा सोडून बोटांवर त्याचं वजन मोजत बसणारे काही लोक असतात, तसा. जगभरच्या डिलनप्रेमींच्या प्रतिक्रिया वाचल्या तर ढोबळमानाने हीच दोन टोकं दिसतात. एकाला त्याचा बॉब सापडत नाही म्हणून राग, दुसऱ्याला सगळे संदर्भ सापडले म्हणून आनंद. मला दोघांचंही नवल वाटलं. कारण चित्रपट ज्या गोष्टीबद्दल आहे तीच गोष्ट आमच्या दिवाणखान्यात चालू होती.

ती गोष्ट अशी. २५ जुलै १९६५. न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन मंचावर आला आणि लोकांनी हुर्यो उडवली. का उडवली यावर अजून वाद आहेत. आवाजाची व्यवस्था वाईट होती, कार्यक्रम फार थोडक्यात आटोपला, असंही सांगतात. ज्येष्ठ गायक पीट सीगर चिडले होते, पण पुढे त्यांनी सांगितलं की राग गिटारचा नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते त्याचा होता. ते मला पटतं. शब्दांवर जीव असलेल्या माणसाचा तो राग आहे. पुढच्या वर्षी १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या सभागृहात मात्र एका श्रोत्याने अंधारातून ओरडून त्याला ‘जुडास’ म्हटलं. जुडास म्हणजे हजरत ईसांना पकडून देणारा शिष्य. ज्यू घरात जन्मलेल्या मुलाला ही हाक कशी लागली असेल? आणि गुन्हा काय, तर वाद्य बदललं.

हेन्सने न्यूपोर्टचा प्रसंग कसा दाखवलाय पाहा. ज्यूड आणि त्याचे साथीदार पेट्या उघडतात, त्यातून मशीनगन काढतात आणि श्रोत्यांवर गोळ्या झाडतात. अर्थात असं घडलं नाही. पण त्या दिवशी समोर बसलेल्यांना जे वाटलं, ते याहून नेमकं कसं दाखवणार?

ब्लँचेटच्या निवडीवर अनेक चाहते बिथरले होते. पुरुष गायकाच्या भूमिकेत बाई का? हेन्सचं म्हणणं असं, की १९६६ चा डिलन त्या काळच्या लोकांना अगदी विचित्र, परका वाटला होता. आज त्याची छायाचित्रं पोस्टरवर पाहून पाहून तो परकेपणा मेला आहे. तो परत आणायचा तर काहीतरी उलथंपालथं करायला हवं होतं. पुढे तिलाच व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि सहांपैकी तीच खऱ्या डिलनच्या सर्वांत जवळची, असं विरोधकही म्हणू लागले. आपण मराठी माणसांनी तरी याचं नवल करू नये. बालगंधर्वांचं नेसणं आणि दागिने पाहून घराघरातल्या बायका तसं नेसायला शिकल्या, असं आपणच अभिमानाने सांगतो.

नावांचंही मला विशेष वाटलं नाही, कारण तखल्लुस शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. मिर्झा असदुल्ला खाँ आधी ‘असद’ नावाने लिहीत, मग ‘गालिब’ झाले. गोरखपूरचे रघुपती सहाय ‘फिराक’ झाले. गालिबवर मालिका करणारे गुलजार स्वतः संपूर्णसिंग कालरा. वर्गात हे सांगितलं की एखादी मुलगी हमखास विचारते, “मॅडम, मग खरं नाव कोणतं?” ज्या नावाने शेर लिहिला ते, असं मी सांगते. अर्थात उर्दूवाल्यांनीही याबाबतीत फार फुशारकी मारू नये. १९८८ च्या त्या मालिकेनंतर आमच्यासाठी गालिबला एकच चेहरा उरला, नसीरुद्दीन शाहांचा. उद्या कुणी गालिब सहा जणांकडून करवला, त्यातला एक काळा मुलगा आणि एक बाई असली, तर आमच्या मुशायऱ्यांत काय होईल ते मला दिसतंय.

चित्रपटात मला सर्वांत धाडसी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्यावर चाहते कमी बोलतात. निषेधाची गाणी गाणारा जॅक काही वर्षांनी चर्चमधला पास्टर जॉन होतो. दोन्ही भूमिका क्रिश्चन बेलकडे आहेत. म्हणजे चेहरे सहा, पण आयुष्यं सात. आणि नेमकी या दोन आयुष्यांना चेहरा एकच. खऱ्या आयुष्यात डिलनने १९७० च्या दशकाच्या शेवटी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमांत त्याने फक्त नवी भक्तीची गाणी गायली, जुनं एकही नाही. लोक ओरडले, काही उठून गेले. त्याच्या चाहत्यांमध्ये आजही हा काळ ‘तो जरा भरकटला होता तेव्हाचा’ म्हणून सोडून दिला जातो. हेन्स म्हणतोय, भरकटला नव्हता. अन्यायाविरुद्ध साक्ष देणारा आणि देवाची साक्ष देणारा हा एकच माणूस आहे, त्याच गरजेपोटी उभा राहिलेला. क्रांतीचं गाणं म्हणेपर्यंत आपला, गुडघे टेकले की परका, हा हिशोब या एका पात्रनिवडीने हेन्सने खोडून काढला.

हा हिशोब दुसऱ्या बाजूनेही चालतो. डिलनच्याच पिढीतला कॅट स्टीव्हन्स १९७७ मध्ये मुसलमान झाला, युसूफ इस्लाम झाला आणि त्याने गाणं सोडलं. तेव्हा पाश्चात्त्य चाहते हळहळले. आपल्याकडे मात्र त्याची गोष्ट जुम्म्याच्या बयानात अभिमानाने सांगितली गेली. २००६ मध्ये तो पुन्हा गाण्याकडे वळला, तेव्हा हळहळायची पाळी इकडच्या काहींची होती. मी गिटार का बाळगतो, याचा खुलासा करायला त्याला पुस्तक लिहावं लागलं. दोन्हीकडच्यांना तो हवा होता, पण आपल्या कपाटात बसेल एवढाच.

२०२४ मध्ये डिलनवर आणखी एक चित्रपट आला, जेम्स मॅनगोल्डचा ‘अ कम्प्लीट अननोन’. तो माझ्या भावाला फार आवडला. टिमथी शॅलमे हुबेहूब डिलनसारखा दिसतो, स्वतः गातो, पात्राचं नाव बॉबच आहे. पण त्यात ‘जुडास’ची ती हाक मँचेस्टरहून उचलून न्यूपोर्टला आणली आहे, एक वर्ष आधी. प्रेयसीचं नावही बदललंय. चाहत्यांनी या चुका काढल्या, पण हसत हसत. चेहरा जुळला की तारखा माफ होतात. ज्याने चेहराच जुळवायला नकार दिला, त्याला मात्र ‘हा आमचा बॉब नाही’ हे ऐकावं लागलं. हेन्सला याची सवय असावी. १९८७ मध्ये त्याने गायिका कॅरन कार्पेंटरवर बार्बी बाहुल्या वापरून चित्रपट केला होता. गाण्यांच्या हक्कांवरून तिच्या भावाने खटला भरला आणि तो मागे घ्यावा लागला. डिलनने मात्र त्याला गाण्यांचे हक्क दिले.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. डिलनचं चरित्र ठाऊक नसेल तर निम्म्या जागा निसटतात. मलाही दुसऱ्यांदा पाहावा लागला. गिअरचा भाग लांबला आहे, हे भावाचं म्हणणं मान्य. पण तो पुढे थांबला असता तर बिली पळून मालगाडीत चढतो आणि तिथे त्याला धुळीने माखलेली गिटार सापडते हे त्याने पाहिलं असतं. ती सुरुवातीच्या त्या पोराची आहे.

माझी खरी अडचण क्लेअरपाशी आहे. क्लेअर ही रॉबीची बायको, चित्रकार. व्हिएतनामचं युद्ध टीव्हीवर संपतं आणि इकडे तिचं लग्नही. हवं तेव्हा नवं नाव, नवा चेहरा घेऊन निघून जाणं नवऱ्याला जमतं, कारण घरी मुलींना झोपवायला कुणीतरी एकाच नावाने थांबलेलं असतं. हेन्सने तिला प्रेमाने रंगवलंय, पण तिला सहा आयुष्यं दिली नाहीत. या मुद्द्यावर बोलणारा एकही चाहता मला भेटला नाही.

आणि तरीही मी या चित्रपटाच्या बाजूने आहे, त्याचं कारण थोडं खासगी आहे. काही वर्षांपूर्वी मी दहावीचे मराठीचे पेपर जमा करायला एका केंद्रावर गेले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी माझं नाव वाचलं, स्कार्फकडे पाहिलं आणि अगदी सौजन्याने म्हणाले, “मॅडम, उर्दूचं पलीकडच्या खोलीत आहे.” मी म्हटलं, मराठीचेच आहेत. त्यांनी गठ्ठा उघडून पाहिला. उर्दूच्या बैठकांत याच्या उलट होतं. तिथे मी ‘मराठीवाल्या बाजी’ असते. वाईट कुणीच नसतं. त्यांच्या मनात एक चित्र आधीच काढलेलं असतं आणि मी त्या चौकटीच्या थोडी बाहेर उभी असते. त्यामुळे सव्वादोन तास कुणी एका माणसाला एकाच खोलीत पाठवायचं नाकारत असेल, तर मी बसून पाहते.

शेवटी खरा डिलन येतो. सहाही जण संपल्यावर एक जुनं चित्रीकरण, मंचावरचा तरुण डिलन, जवळून. तोंडाला माउथ ऑर्गन लावलेला, त्यामुळे शब्द नाहीत. नुसताच वाजवत राहतो. भावाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “मग सुरुवातीलाच दाखवायचं ना!”