शोकाचा दाखला

६ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता. सकाळी लता मंगेशकर गेल्याची बातमी आली आणि अंबरनाथला आमच्या घरी दिवसभर टीव्ही बंद झाला नाही. मी बदलापूरला राहतो, पण रविवारी अम्मी-अब्बांकडे असतो. मी लहान असताना आमच्याकडे उल्हासनगरहून आणलेला एक टेपरेकॉर्डर होता. त्यावर 'मेड इन यूएसए' असे छापलेले होते. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लाइनीवर सगळ्यांना पाठ आहे. त्या खोट्या अमेरिकन यंत्रातून लताबाईंचा आवाज यायचा आणि तो ऐकत अम्मी आमचे डबे भरायची. त्या रविवारी ती गप्प गप्प होती, घरातले कुणी गेल्यावर असते तशी.

संध्याकाळी शिवाजी पार्कवर शाहरुख खान पार्थिवासमोर उभा राहिला आणि त्याने दुआसाठी दोन्ही हात उचलले. इकडे अम्मीनेही उचलले. त्याने मास्क खाली ओढला, किंचित वाकून फुंकर घातली. अम्मीनेही टीव्हीच्या दिशेने फुंकर घातली. माझी बहीण हसली. "अम्मी, टीव्हीवर?" अम्मीने तिच्याकडे लक्षच दिले नाही.

रात्री बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच क्लिप आली. संथ केलेली, तोंडाभोवती लाल वर्तुळ काढलेली, खाली प्रश्न : थुंकला का? हरियाणातल्या भाजपच्या एका पदाधिकाऱ्याने ट्विटरवर हाच प्रश्न विचारला होता आणि तो काही तासांत आमच्या बिल्डिंगपर्यंत पोहोचला होता.

दुआ पढून फुंकणे, याला आमच्याकडे दम करणे म्हणतात. दहावीच्या पेपरला निघताना, नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी, पोराला ताप आला की. ज्याचे भले व्हावे असे वाटते त्याच्यावरच फुंकर घालतात. दृष्ट काढणाऱ्या, अंगारा लावणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. आमच्याच सोसायटीतल्या एक काकू, नातवाचा ताप उतरत नव्हता तेव्हा त्याला घेऊन अम्मीकडे आल्या होत्या. (डॉक्टरचे औषध चालूच होते. काकू आणि अम्मी दोघीही तेवढ्या व्यवहारी आहेत.) अम्मीने फुंकर घातली, काकूंनी चहा घेतला, विषय संपला.

मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या आणि पाठवल्या. आपला मेसेज कुणी कुणी वाचला हे ग्रुपमध्ये दिसते. काकूंनी वाचला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. खरे सांगतो, त्या रात्री मला क्लिप पाठवणाऱ्यापेक्षा काकूंचा राग जास्त आला. दोन दिवसांनी त्या लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "अरे, मला माहीत होतं ना. पण तिथे लिहायचं म्हणजे..." तेवढ्यात त्यांचा मजला आला.

त्याच रात्री आमच्या खानदानाच्या ग्रुपवर दुसरी परीक्षा सुरू होती. एका चुलतभावाने सात मिनिटांची ध्वनिफीत पाठवली होती : गाणे गाणाऱ्या बाईसाठी, तीही मुसलमान नसलेली, दुआ मागणे जायज आहे का? म्हणजे एका ग्रुपला शाहरुखची दुआ थुंकण्यासारखी दिसत होती आणि दुसऱ्या ग्रुपला ती दुआ आहे हाच गुन्हा वाटत होता. अम्मीला काय वाटले, हे दोन्हीकडे कुणी विचारत नव्हते.

कधीही न भेटलेल्या माणसासाठी रडणे हे खरे रडणे असते का, असा एक प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेतल्या हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच या एकतर्फी नात्यावर लिहून ठेवले आहे. टीव्हीवरचा माणूस आपल्याशी बोलतो असे आपल्याला वाटते, त्याला मात्र आपण आहोत याचा पत्ताही नसतो. बरोबर आहे. पण या कारणाने ज्यांना हसू येते त्यांनी सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे ताबूत बघून यावे. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी करबलाच्या वाळवंटात मारल्या गेलेल्या माणसासाठी तिथे हिंदू आणि मुसलमान मिळून उंचच उंच ताबूत उभे करतात. त्यातला कोण कुणाला भेटला होता?

माझ्यापुरते उत्तर मला २०२० साली मिळाले. एप्रिलच्या मध्यावर रत्नागिरीकडे गावी माझे मामू वारले. लॉकडाऊन होता, जाण्याचा मार्ग नव्हता. आम्ही दफन व्हिडिओ कॉलवर पाहिले. नेटवर्क इतके खराब होते की मातीच्या मुठी अडकत अडकत पडत होत्या. दहा मिनिटांनी माझी ऑफिसची मीटिंग होती, ती मी केली. रडलो नाही. अम्मीला सावरायचे होते, तिचा भाऊ गेला होता. मग २९ एप्रिलला, रमजानच्या सुरुवातीच्या दिवसांतच, इरफान खान गेला. त्याच्या चारच दिवस आधी जयपूरला त्याची आई वारली होती आणि लॉकडाऊनमुळे त्यालाही जाता आले नव्हते. त्याला वर्सोव्याच्या कब्रस्तानात मोजक्या माणसांत दफन केले, हे मी मोबाइलवर वाचले आणि लॅपटॉप बंद करून बाथरूममध्ये जाऊन रडलो. बराच वेळ.

त्यातले इरफानसाठी किती आणि मामूंसाठी किती, याचा हिशेब मला लागत नाही आणि लावायचाही नाही. ज्याच्या मय्यतीला जाता येत नाही, त्याचे रडणे अडून राहते. मग एखाद्या अनोळखी माणसाच्या निमित्ताने ते बाहेर पडते. प्रसिद्ध माणसाचे मरण सगळ्यांचे एकाच दिवशी असते, त्यामुळे त्या दिवशी कुणी 'तुला काय झाले' असे विचारत नाही.

पण इरफानच्या बाबतीतही परीक्षक हजर होतेच. २०१६ साली तो कुर्बानी आणि रोजाबद्दल बोलला होता. बाजारातून बकरा आणून कापणे म्हणजे कुर्बानी नव्हे, अशा अर्थाचे. तेव्हा आपल्यातल्या मौलवींनी त्याला अभिनयातच लक्ष घालायला सांगितले होते. तो गेल्यावर 'हा आपला होता का' ही चर्चा मी स्वतः आमच्या ग्रुपवर वाचली. कल्याणला आपली लाइन फुटते, एक कर्जतकडे येते आणि दुसरी कसाऱ्याकडे जाते. त्या दुसऱ्या लाइनीवर, घाटाच्या वर, इगतपुरीजवळ त्याची जमीन होती. तिथल्या वस्तीतल्या लोकांनी तो गेल्यावर आपल्या भागाला 'हिरोची वाडी' म्हणायला सुरुवात केली, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या लोकांना तो आपला वाटला, एवढे त्यांना पुरे होते.

आता धर्माचे बोलायचे तर तेही बोलू, कारण आपल्यातले बरेच वाचक तिथेच अडतात. मी आलिम नाही, इंजिनिअर आहे. पण जे लहानपणी मदरशात ऐकले ते विसरलेलो नाही. हबशाचा बादशहा नजाशी मरण पावला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढली. त्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते. मागे सफेत उभ्या असलेल्या बहुतेकांनीही नव्हते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्यात अशी गायबाना नमाज चालते. हनफींमध्ये ती चालत नाही आणि त्यावर अब्बा आणि त्यांचे हनफी मित्र चहाच्या टपरीवर तीस वर्षे वाद घालत आले आहेत. एकदा एका यहुद्याचा जनाजा समोरून जाताना पैगंबर उठून उभे राहिले. तो यहुदी आहे, असे कुणी म्हटले, तेव्हा त्यांनी उलट विचारले की तो जीव नव्हता का? स्वतःचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते रडले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की सूर्यसुद्धा दुःखात आहे. त्यांनी लोकांना थांबवले : सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने ग्रहण लागत नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार जवळची वाटते. माणसाने रडावे, पण आपल्या दुःखात सूर्याला ओढू नये. दुसऱ्याचे दुकान बंद पाडणे हे सूर्याला ओढण्यासारखेच आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. लाखो लोकांना मनापासून दुःख झाले. आमच्या बाजूच्या गाळ्यातला शिवसैनिक मुलगा लहान पोरासारखा रडत होता आणि अब्बा त्याच्या शेजारी जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सगळे बंद होते. तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुण मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. अटकेसाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, पण मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला मुलगा होतो आणि जो धडा घ्यायचा तो मी आधीच घेऊन बसलो होतो.

तो धडा असा : कुणी मोठे गेले की पहिला श्रद्धांजलीचा मेसेज माझा असतो. सोसायटीत आम्ही एकच मुसलमान कुटुंब. बातमी आली की कुणी माझ्याकडे बघण्याआधी मी हात जोडलेले चिन्ह टाकून मोकळा होतो. कधी कधी गेलेल्या माणसाचे मी काही ऐकलेले किंवा पाहिलेलेही नसते. मला तो शोक नसतो, तो हजेरीपट असतो. आणि ज्यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटते, त्यांच्यासाठी मी लिहायला उशीर करतो, कारण नाव मुसलमानाचे असले तर 'बघा, यांना यांचेच दुःख' असे होईल ही भीती. जुलै २०२१ मध्ये दिलीपकुमार गेले तेव्हा दुपारपर्यंत मी वाट पाहत होतो की दुसरे कुणी तरी लिहील. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी लिहिले आणि मग मी लिहिले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा तर वाट पाहावीच लागली नाही. ग्रुप तबल्याच्या व्हिडिओंनी भरून गेला आणि मी भीतीने नव्हे तर मनाने एक व्हिडिओ टाकला. इतका साधा आनंद (शोकातला आनंद, दुसरा शब्द नाही) मला त्या ग्रुपवर क्वचितच झाला असेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ही हजेरी आपण भरणे बंद करावे. ती मागणाऱ्यांनी मागणे बंद करावे हे तर आहेच, पण ते आपल्या हातात नाही. वाईट वाटले तर रडावे, आपल्या पद्धतीने, आपल्या फुंकरीसकट. नाही वाटले तर गप्प बसावे आणि त्याबद्दल कुणापुढे सफाई देऊ नये. ध्वनिफिती पाठवणाऱ्या चुलतभावापुढेही नाही. मी स्वतः गेले वर्षभर हे करून पाहतो आहे. दोनदा गप्प बसलो. काही झाले नाही, निदान अजून तरी.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसे खाली पडली, जीव गेले. ती रोजच्या गर्दीच्या वेळी कामावर निघालेली माणसे होती. आमच्यातले कितीजण त्यांच्यासाठी थांबले? दोन दिवस दारे आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही बदलापूरहून तसेच दारात उभे होतो, मीसुद्धा. जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. मोहल्ल्यातल्या काहींनी पढली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पढली तर सगळे गुन्हेगार. हा नियम प्रसिद्ध माणसासाठी केलेला नाही, त्याच्याकडे गर्दी होतेच. पण इरफानसाठी रडलो म्हणून मुंब्र्यासाठी कमी पडलो, असे मला वाटत नाही. ज्याला एकासाठी रडता येते, त्याला दुसऱ्यासाठीही कधीतरी येईल.

अब्बांचे सांगायचे राहिले. ३१ जुलै १९८० च्या रात्री मोहम्मद रफी गेले, तेव्हा अब्बा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिस होते. रमजान होता, मुसळधार पाऊस होता. ते रोजा ठेवून वांद्र्याला गेले आणि त्या प्रचंड गर्दीत चालत राहिले. जनाज्याला खांदा देणे सोडाच, तो त्यांना नीट दिसलाही नाही. घरी आल्यावर दादांनी त्यांना झापले : रोजात गवय्याच्या मागे फिरतोस? अब्बा काही बोलले नाहीत, असे ते सांगतात.

रफींना जुहूच्या कब्रस्तानात दफन केले. २०१० मध्ये जागा कमी पडू लागली म्हणून तिथल्या जुन्या कबरी हलवल्या, रफींची, मधुबालाची, नौशादसाहेबांचीसुद्धा. चाहत्यांना वाईट वाटले. आपल्या रिवाजात कबर पक्की करण्याचा आग्रह नाही, त्याच जमिनीत पुढच्या माणसाला जागा देतात. त्यानंतर काही वर्षांनी एका नातेवाइकाच्या दफनासाठी आम्ही जुहूला गेलो होतो. विधी आटोपल्यावर अब्बा एका नारळाच्या झाडाकडे निघाले. रफींची कबर त्या झाडाच्या जवळ होती, असे त्यांना कुणी सांगितले होते. झाडे बरीच होती. नेमके कोणते, ते त्यांना ठरवता येईना. मग ते दोन झाडांच्या मधोमध उभे राहिले, हात उचलले, फातिहा पढली आणि दोन्हीकडे एकेक फुंकर घातली. तोवर पाऊस सुरू झाला होता, म्हणून आम्ही रिक्षा केली आणि अंधेरी स्टेशन गाठले.