नवरा मास्तर नको

थंडी पडली की आमच्याकडे दोन प्रकारचे फोन येतात. एक काडतुसांच्या भावाबद्दल. त्यावर आमच्याकडे इलाज नाही. दुसरा, ‘यंदा मिसेसलाही रेंजवर आणतोय, तिला कोणती बंदूक घेऊ?’ याचं उत्तर ठरलेलं आहे. बंदुकीचं नंतर पाहू, आधी तुम्ही तिच्यापासून पंधरा पावलं लांब उभे राहा.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांच्या हाती दिली ती आमचीच बारा बोअर, दस्ता आमच्या मापाचा, काडतुसं आमच्या हौसेची. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत बसेना, दंडावर सरके. गाल अधांतरी, तोल मागच्या पायावर. आणि कानाशी आमची अखंड टकळी. चौथ्या बारानंतर त्यांनी बंदूक उघडली, रिकामी केली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, हे शिकवणं आहे की माझी परीक्षा?” दंडावरचा निळा डाग आठवडाभर राहिला. बंदुकीला पुन्हा हात लागायला दोन वर्षं गेली, तेही एका अनुभवी बाईंनी शिकवायचं मनावर घेतलं म्हणून.

त्या बाईंनी पहिला अर्धा तास काडतूस दाखवलंच नाही. दोन तळहातांच्या फटीतून दूरचं झाड पाहायला लावलं आणि कोणता डोळा नेम धरतो ते तपासलं. उजव्या हाताच्या आमच्या मंडळींचा डोळा डावा निघाला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्हाला याचा पत्ता नव्हता. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा बोटाएवढा तुकडा लागला. दस्ता आखूड, काडतूस २१ ग्रॅमचं, एका वेळी एकच. चकती समोरून सरळ लांब जाणारी, बाजूने कापत जाणारी नाही. ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमची ती चकती सहाव्या खेपेला फुटली. हवेत काळ्या भुकटीचा ठिपका उमटला आणि विरला. आम्ही पंधरा पावलांवर होतो, तोंड बंद.

आपल्या चांदा-गडचिरोली भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या ध्यानात यायची नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे वाढलेल्या बाईला बंदुकीचा बार म्हणजे खेळ वाटेल कसा? तिच्या लेखी तो चकमकीचा आवाज आहे, नाहीतर भरमार बंदुकीपायी दारात आलेले पोलीस आहेत. चांद्याच्या जुन्या शिकारी घराण्यांतल्या गोष्टी तर पुरुषांच्याच. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ची, राष्ट्रीय उद्यान १९५५चं आणि १९७२च्या कायद्याने उरलीसुरली हौसही संपवली. छर्‍याच्या बंदुकीला निर्मळ काम उरलं ते चकतीचं. हे तिला नीट सांगा, आणि तरीही ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा. परवाना तुमच्या नावावर असतो, घराच्या नव्हे, हेही विसरू नका. परवानाधारक क्लबच्या रेंजवर, त्यांच्या देखरेखीखालीच बार व्हावा. ताडोब्याच्या बफरला लागून असलेल्या शेतात हातयंत्राने चकत्या उडवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच पुरावी.

‘बायकांना धक्का सोसत नाही’ हे वाक्य मात्र आता आमच्यासमोर कुणी बोलू नये. चकतीच्या नेमबाजीतल्या ‘स्कीट’ या प्रकाराचं नावच मुळी एका बाईने सुचवलेलं: १९२६ साली अमेरिकेत नाव सुचवण्याची स्पर्धा झाली, गर्ट्रूड हर्लबट यांनी शंभर डॉलरचं बक्षीस घेतलं. १९९२ साली बार्सिलोनात स्त्री-पुरुष एकत्र खेळत होते, तेव्हा चीनच्या झांग शानने पुरुषांना मागे टाकून सुवर्ण नेलं. पुढच्या, १९९६च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांचं! बायकांना स्वतंत्र स्कीट मिळालं ते २००० साली सिडनीत. धक्का कुणाला सोसला नाही, ते वाचकांनीच ठरवावं.

आपल्याकडे नेमबाज राजेश्वरी कुमारीचे वडील रणधीर सिंग स्वतः ऑलिंपिकला ट्रॅप या चकतीच्याच प्रकारात उतरलेले, श्रेयसी सिंगचे वडील आणि आजोबा दोघेही राष्ट्रीय रायफल संघटनेचे अध्यक्ष राहिलेले. म्हणजे बापाच्या घरातून आलेल्या मुली दिसतात. नवऱ्याच्या हाताने आलेल्या बायका कितीशा आठवतात? आमच्या मते यात बंदुकीचा दोष कमी, मास्तरांचा जास्त. पॅरिसला २०२४ साली माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका मिश्र स्कीटमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत ४३-४४ असे एका चकतीने हुकले. दोघांचे नेम एकाच फलकावर मोजले जातात असा हा प्रकार आहे, आणि त्यात कुणी कुणाचा मास्तर नसतो.

पुढच्या अंकासाठी ‘रेंजवरचा पहिला दिवस’ या विषयावर पत्रं हवी आहेत. नवऱ्यांची पत्रं आमच्याकडे भरपूर आहेत. या वेळी कागद-पेन घरात पलीकडच्या हाती द्या, आणि पाठवण्यापूर्वी वाचू नका.