माणशी धान्य, चुलीमागे धान्य

अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य दोन मापांनी मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो; अंत्योदय कार्डाला मात्र माणसे कितीही असोत, 35 किलो. 2013च्या या कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात फेब्रुवारी 2014पासून झाली आणि जानेवारी 2023पासून धान्य फुकट आहे. भोर-वेल्ह्यातल्या कातकरी वस्त्यांवर यातले कुठले माप लागू होते, यावर पुष्कळ काही ठरते.

कारण एकाच घरातली माणसे कागदावर सारखी नसतात. नवऱ्याचे नाव कार्डावर, बायकोचे अजून माहेरच्या कार्डावर. वीटभट्टीवर जन्मलेल्या पोराचा दाखला नाही, म्हणून आधार नाही, म्हणून नावही नाही. सहा जणांच्या घरात तीनच नावे चढली असतील, तर प्राधान्य कार्डावर 15 किलो येते. खाणारी तोंडे सहाच राहतात. अमेरिकेतल्या फूड स्टॅम्पचेही असेच आहे: आईबाप विनाकागद असले तर तिथे जन्मलेल्या मुलांपुरतीच मदत मिळते, आणि ती अर्थातच सगळे मिळून खातात.

अंत्योदयात अशी गळती होत नाही. कोलाम आणि माडिया गोंडांप्रमाणे कातकरी ही आदिम जमात. अशा जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 रोजीच दिला आहे. म्हणजे प्राधान्य कार्डवाल्या कातकऱ्याला एकेका नावासाठी तहसीलच्या चकरा मारायला लावण्यापेक्षा आधी कार्डच बदलून देणे रास्त. घरात आठ जण असतील आणि सगळ्यांची नावे चढलेली असतील तरच प्राधान्याचे 40 किलो जास्त भरतात. मुलाने लग्नानंतर वेगळी चूल मांडली आणि कार्ड वेगळे केले नाही, तर मात्र तेच 35 किलो दोन घरांत वाटले जाते.

दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. कार्डावरचे धान्य तिथेही घेता येते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र-गुजरात ही ऑगस्ट 2019मधल्या पहिल्या जोड्यांपैकी एक. राज्यातल्या राज्यातही दुसऱ्या दुकानातून धान्य घेता येते. आधार जोडलेल्या सदस्याने भट्टीजवळच्या दुकानात अंगठा लावून काही धान्य उचलावे, उरलेले गावी राहिलेल्यांनी घ्यावे. मातीने झिजलेला अंगठा यंत्राला वाचता आला नाही, तर घरातला दुसरा सदस्य चालतो. त्याचे नाव आणि आधार मात्र कार्डाला जोडलेले लागते. खुद्द कार्ड गावी म्हातारीजवळ ठेवले तरी अडत नाही, नंबर सांगितला की पुरते.