खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : आधी पाणी, मग मासा

शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे अथवा घरच्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातील मासे पाळणारे आमचे काही वाचक हल्ली एक नवीन प्रश्न विचारू लागले आहेत. समुद्रातील रंगीत मासे घरी पाळावयाचे झाल्यास पहिली टाकी कोणती घ्यावी? मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांच्या मनात ही हौस उत्पन्न व्हावी यात नवल नाही. परंतु शेतकऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. तीस आमचे उत्तर असे की, समुद्राची टाकी राखणे हे शोभेच्या वस्तूची खरेदी करण्यासारखे काम नसून शेत राखण्यासारखे काम आहे. आणि ती बिघडते तीही शेताप्रमाणेच, म्हणजे अपुऱ्या मशागतीने व उतावीळपणाने.

हा धडा आम्ही फुकट शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या भरवशावर आम्ही पंचवीस लिटरांची एक टुमदार टाकी घेतली, सकाळी तीत क्षार विरघळविले आणि सायंकाळी तीन मासे सोडले. पाणी काचेसारखे निर्मळ होते. नवव्या दिवसापर्यंत तिन्ही मासे मेले. विक्रेत्याने आणखी तीन मासे नेण्याचा सल्ला दिला. दोष माशांत नव्हता व क्षारांतही नव्हता. आम्ही नांगरट केल्यावाचून पेरणी केली होती, एवढेच.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ ते ८.३, म्हणजे विम्लधर्मी असतो, आणि सामू जितका चढा तितका अमोनिया अधिक विषारी. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा टाकल्यास त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस यामागील रसायन निराळे समजावून सांगावयास नको. या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढले, तरच मासा जगतो.

हे जिवाणू शास्त्रास प्रथम कळले ते शेतीच्याच प्रश्नातून. १८७७ साली श्लेसिंग व म्युन्त्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले. आणि नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. म्हणजे हे काम सजीवांचे होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी असे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखविले. आजची टाकीची गाळणी म्हणजे तीच नळी होय, आणि ते वीस दिवस आजही कोणास चुकलेले नाहीत.

म्हणून आमचे पहिले मत असे की, नवशिक्याने टाकी भरल्यावर निदान चार ते सहा आठवडे तीत एकही मासा सोडू नये. गाळणी व पंप चालू ठेवावा, जिवाणूंस खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड अगदी अल्प प्रमाणात घालावे, आणि तपासणीच्या संचाने पाणी पाहत राहावे. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही शून्यावर आले, म्हणजे वाफसा आला असे समजावे. या कामी एखादा काटक मासा सोडून द्यावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जिवंत प्राण्यास विषात ठेवून पाण्याची परीक्षा करणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते, आणि तपासणीचा संच मिळत असता ते अनावश्यकही आहे.

दुसरा प्रश्न टाकीच्या आकाराचा. नवे बियाणे आधी गुंठाभर जागेत करून पाहावे, हा शेतीतील शहाणपणाचा नियम येथे मात्र उलटा पडतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटराचा तोच हिशेब धरला, तर पंचवीस लिटरांच्या टाकीतून एक लिटर पाणी उडून गेल्यास क्षारांचे प्रमाण ३५ वरून जवळजवळ साडेछत्तीसवर जाते. दीडशे लिटरांच्या टाकीत तेवढेच पाणी उडाले तर ते सव्वापस्तीसच्या आतच राहते. जी चूक लहान टाकीत प्राणघातक ठरते, ती मोठ्या टाकीत नुसती दुरुस्तीची बाब होते. तेव्हा ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी टाकी आम्ही सुचवितो. तीत वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. मात्र पाणी, काच व वाळू मिळून भार दोनशे किलोंच्या घरात जातो, हे ध्यानात ठेवून बैठक भक्कम करावी.

उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. कारण पाणी उडते, क्षार मागे राहतात. कालव्याखालील काळ्या जमिनी अतिपाण्याने खारवून कशा गेल्या, हे ज्या शेतकऱ्याने पाहिले आहे तो ही चूक करणार नाही. शिवाय समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट हेही ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून स्वयंपाकाचे मीठ न वापरता मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रणच घ्यावे, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे, याची उपकरणाने खात्री करावी.

आता उष्म्याविषयी. या माशांस २५ ते २७ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. पाणी तापले म्हणजे त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्याहून कमी मावतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाख व मध्येच जाणारी वीज यांचा विचार करता, पाणी थंड राखण्याची सोय व बॅटरीवर चालणारा हवापंप यांचा खर्च मासे घेण्यापूर्वीच हिशेबात धरावा. पाण्यावर पंखा सोडल्यास कोरड्या हवेत चांगला गारवा येतो, पण पाणीही अधिक उडते. कोकणच्या दमट हवेत त्याचा गुण कमी.

मासा कोणता, हा प्रश्न सर्वांत शेवटी. आमची शिफारस विदूषक माशाच्या, म्हणजे क्लाउनफिशच्या, एका जोडीची आहे, आणि तीही पैदास केंद्रात जन्मलेल्या. या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने बसविले आहे. असा मासा टाकीतच वाढलेला असल्याने तयार खाद्य बिनतक्रार खातो, आणि त्यास समुद्रफुलाचीही गरज पडत नाही. हे मासे प्रथम सर्व नर असतात व जोडीतील मोठा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान, पण असमान आकाराचे मासे निवडावे. याउलट निळा टँग हा मासा बाजारात बोटभर दिसतो, परंतु वाढून जवळजवळ फूटभर होतो. तो आमच्या सुचविलेल्या टाकीतही सुखाने राहणार नाही. समुद्रातून धरलेल्या माशांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फिलिपाइन्समध्ये १९६० नंतरच्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची रीत पसरली, आणि तिने माशांबरोबर प्रवाळांचाही नाश केला. ग्राहकाने मासा कोठून आला हे विचारणे, हाच त्यावर आपल्या हाती असलेला उपाय होय.

प्रवाळ व प्रवाळाचे दगड यांपासून मात्र नवशिक्याने दूरच राहावे. परदेशी पुस्तकांत जिवंत दगड टाकीत रचण्याचा उपदेश असतो. आपल्याकडे तो जसाच्या तसा घेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ व समुद्रघोडे घालण्यात आले आहेत. मालवणास, जेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सहलीस गेलेल्या माणसास ओहोटीच्या वेळी एखादा सुंदर दगड उचलण्याचा मोह होतो. तो उचलू नये. जिवाणूंस राहावयास सच्छिद्र भाजलेल्या मातीचे तुकडे तितकेच चालतात.

या हौशीतून पुढे जोडधंदा करावा, असे काही तरुणांच्या मनात आहे. तो विचार वाईट नाही. परंतु ज्याने एक जोडी दोन उन्हाळे जगविली नाही, त्याने शंभर जोड्यांसाठी कर्ज काढू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

ज्यांस सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत बसणे जमणार नाही, त्यांनी गोड्या पाण्यातील माशांवरच समाधान मानावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांस जमेल, त्यांनी टाकी मोठी घ्यावी, मासे थोडे घ्यावे व घाई मुळीच करू नये. आमची ती पंचवीस लिटरांची टाकी अद्याप आमच्या माळ्यावर आहे. ती कोणी मागितली, तरी समुद्राच्या माशांसाठी आम्ही ती देत नाही.